बैर-शेब्याजवळची एक शिक्षिका

(मंडळीच्या वार्षिक महिला मेळाव्यात केलेले भाषण)



उपासना झाली की आपण दाराशी उभे राहून एकमेकांना सलाम करतो. हाच सलाम २०२२ च्या हिवाळ्यात मला दिवसातून वीस वेळा ऐकू यायचा, तोही वाळवंटात. माझी मुलगी तेव्हा बैर-शेबा येथील विद्यापीठात संशोधनाला होती. तिच्याकडे मी तीन महिने राहिले. बैर-शेबा म्हटले की आपल्याला अब्राहामाची विहीर आठवते, आणि मुलाला घेऊन रानात भटकणारी हागार. आता ते मोठे शहर आहे. तिथल्या बाजारात एका बेने इस्राएल आजीने माझी साडी पाहून मला चक्क मराठीत विचारले, "कुठल्या गं तुम्ही?" पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

शहराच्या भोवती नेगेवचे वाळवंट आहे आणि तिथे सुमारे ३ लाख बेदुईन अरब राहतात. पूर्वी ते शेळ्यामेंढ्या आणि उंट घेऊन फिरत. ते इस्राएलचे नागरिक आहेत, पण अल्पसंख्य. १९४८ नंतर १९६६ पर्यंत त्यांच्यावर लष्करी अंमल होता, परवान्याशिवाय हद्दीबाहेर जाता येत नसे. पुढे सरकारने त्यांच्यासाठी गावे वसवली. राहात हे त्यातले सर्वांत मोठे, १९७२ सालचे. पण हजारो कुटुंबांनी जुनी जागा सोडली नाही. त्यांची गावे सरकारी दप्तरात नाहीत, म्हणून विजेची तार नाही, आणि बांधलेले घर बेकायदा ठरवून पाडले जाते. वनजमिनीच्या दाव्यांसाठी ज्यांनी तहसीलला खेटे घातले आहेत, त्यांना मी हे अधिक सांगायला नको.

माझ्या मुलीच्या ओळखीची एक बेदुईन शिक्षिका आमच्याकडे येत असे. वय पस्तिशीचे, डोक्याला रुमाल, हातात वह्यांचा गठ्ठा. ती मुलींना जीवशास्त्र शिकवते. तिचे नाव मी सांगणार नाही, गावही नाही. पहिल्या भेटीत ती मला "खालती" म्हणाली, तेव्हा मी खाली पाहिले, काही पडले की काय म्हणून. अरबीत खालती म्हणजे मावशी. आम्ही दोघी मोडक्या इंग्रजीत बोलत असू. दोघींची मोडकी, म्हणून छान जमायचे.

त्या भागातल्या शाळांत बरेच शिक्षक उत्तरेकडून, गालीलाकडून येतात. तेही अरब, पण परके. ते खोली घेऊन राहतात आणि सुटीला घरी जातात. ही मात्र तिथलीच, तिथेच नांदणारी. शाळेत ती बाई, शाळा सुटली की कुणाची सून, कुणाची जाऊ. वर्गातली निम्मी पोरे तिच्या नवऱ्याच्या भाऊबंदांची.

तिने मला एक धडा सांगितला. आनुवंशिकतेचा. आपल्याकडे मामाच्या मुलीवर पहिला हक्क मानायची रीत होती ना, तसा त्यांच्यात चुलत्याच्या मुलीवर मानतात. (होय, आपल्याला कसेसेच वाटते. मी मामेभावाचे सांगितले तेव्हा तिलाही त्यात नवल वाटले नाही, पण चुलतभावाला आम्ही राखी बांधतो म्हटल्यावर ती खूप हसली.) आता फळ्यावर लिहायचे की जवळच्या रक्तात लग्ने झाली की लपलेले दोष वर येतात. तिथे अल-सय्यद नावाचे एक गाव आहे. त्यात जन्मतः बहिरी माणसे इतकी की गावाने स्वतःची खुणांची भाषाच घडवली, आणि ऐकू येणारेही ती बोलतात. वर्गात पाठीमागे बसलेल्या मुलीचा भाऊ बहिरा आहे. धडा नीट शिकवला तर तिच्या आईबापांना दोषी ठरवल्यासारखे होते. गाळला तर उद्या हीच मुलगी डोळे झाकून बोहल्यावर चढणार. आणि शिकवणारी स्वतः चुलतभावाची बायको! ती म्हणाली, "मी धडा शिकवला. उदाहरण म्हणून स्वतःचे नाव फळ्यावर लिहिले. दुसऱ्या कुणाचे लिहिणार?" आठवडाभर घरी सासू बोलली नाही.

पण ज्यासाठी मी आज उभी आहे ती गोष्ट दुसरी.

दहावीतली एक मुलगी मधल्या सुटीत तिच्याजवळ आली. लग्न ठरले होते. नाही म्हटले म्हणून बापाने मारले होते, दंडावर वळ होते. इस्राएलात २०१३ पासून लग्नाचे वय १८ आहे. आणि १९८९ च्या कायद्याप्रमाणे, घरच्यांकडून मुलाचा छळ होतो आहे असे शिक्षकाला कळले तर त्याने पोलिसांना किंवा बालकल्याण अधिकाऱ्याला कळवलेच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. कायदा चांगला आहे, तीही तेच म्हणाली. "पण खालती, आमच्याकडे पोलीस येतात ते बुलडोझरबरोबर येतात. त्याच माणसांच्या हाती मी मुलीचे नाव देऊ? मग सारी जमात म्हणेल, बाईने आमच्या इज्जतीचे दार सरकारला उघडून दिले. त्या पोरीचे काय होईल ते होईल, पण दुसऱ्या दिवशी चाळीस मुली शाळेत येणार नाहीत."

ती अधिकाऱ्याकडे गेली नाही. ती मुलीच्या आजीकडे गेली. तीन संध्याकाळी नुसती कॉफी प्यायली, शेळ्यांच्या गप्पा मारल्या. चौथ्या दिवशी आजीनेच विषय काढला. म्हातारीने मुलाला काय सांगितले कोण जाणे, पण बारावीची परीक्षा होईपर्यंत लग्न थांबले. मार थांबला. मुलगी पास झाली आणि त्याच चुलतभावाशी तिचे लग्न लागले.

मी म्हटले, "म्हणजे जमले की." ती म्हणाली, "मला माहीत नाही. आजीने ऐकले नसते तर? मग माझ्या गप्प बसण्याला तू काय म्हणाली असतीस?" आणि मग तिने विचारले, "तू काय केलेस? तुझ्या मुलींचे?"

मी सातपुड्यातल्या एका बोर्डिंगमध्ये अकरा वर्षे होते, हे तुम्हाला माहीत आहे. मी तिला जे सांगितले ते तुम्हाला कधी सांगितलेले नाही. नववीतली एक मुलगी होळीला घरी जायला तयार नव्हती. लग्न ठरले आहे, असे तिने मला रात्री कंदिलाजवळ सांगितले. मी वरिष्ठांना सांगितले. ते म्हणाले, "बाई, पाड्यावरच्या बाकीच्या मुली बंद होतील, आपण यात पडू नये." मला ते पटले. पटायला सोपे होते. मी तिची पेटी बांधून दिली. ती परत आली नाही.

बाकीच्या मुली येत राहिल्या, हे खरे. पण त्या बाईने चार संध्याकाळी चालत जाऊन जे केले, त्यातले मी काही केले नाही. मी कुणाच्या आजीला भेटले नाही. आणि मला तिथे कसली भीती होती? माझे सासर नगरला होते. फार तर बदली झाली असती.

तिने मला दोष दिला नाही. कॉफी पुन्हा ओतली आणि मुलीचे नाव विचारले. मी सांगितले. तिने ते दोनदा म्हणून पाहिले, नीट उच्चार येईपर्यंत.

आता थोडे आपल्या कामाचे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचार कळवणे आपल्या अधीक्षिकांवरही बंधनकारक आहे, त्यात सवलत नाही आणि मी मागतही नाही. पण लग्न ठरवलेल्या मुलीसाठी पाड्यावर चार फेऱ्या मारायच्या तर अधीक्षिकेला रजा लागते, गाडीभाडे लागते, बोर्डिंगवर बदली बाई लागते. आपल्या अंदाजपत्रकात यासाठी एक पैसा नाही. फराळाला आहे.

आणि आपल्या त्रैमासिकात "वाचवलेल्या मुली" असे सदर येते, फोटो आणि गावासकट. ते वाचून अर्पण वाढते, मला ठाऊक आहे. पण आता ते अंक मोबाइलवर पाड्यापर्यंत पोहोचतात. मुलीचा बाप वाचत नसेल, तिचा भाऊ वाचतो. पुढच्या अंकापासून फोटो, नाव आणि गाव छापू नये, आणि फराळाच्या रकमेतून गाडीभाडे द्यावे, अशा दोन विनंत्या मी कार्यकारिणीला लेखी दिल्या आहेत. चिटणीस साहेब समोर बसले आहेत. उत्तर अजून आलेले नाही.