खुर्चीवरची पाच मिनिटे



२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई गावोगावी आल्या. सालेकसा, देवरीच्या जंगलपट्ट्यातही त्या घरोघरी फिरतात. रोग्याची विचारपूस सारेच करतात. आशाताईंची कोण करतो?

आम्ही बँकेतली माणसे दिवसभर खुर्चीवर. त्यांना खुर्ची मिळते ती आरोग्य केंद्रातील बैठकीत. तेवढ्यात पाच मिनिटे काढावीत. पक्क्या, बिनचाकाच्या खुर्चीवर ताठ बसावे, पावले जमिनीला टेकवावीत. श्वास घेत खांदे वर, सोडत खाली. मान हळूच डावीकडे, उजवीकडे. उच्छ्वास थोडा लांबवावा, मन निवते. दुखल्यास थांबावे.

पण हा विसावा म्हणजे मोबदला नव्हे. तो त्यांना वेळेवर मिळावा म्हणून आपण त्यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.