महागाईचा अंदाज कसा बांधतात

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि विषयही दिला: ‘तू नेमकं काय करतोस ते एकदा सांगून टाक.’ एका वित्तसंस्थेत महागाईचे अंदाज बांधणाऱ्या गटात मी काम करतो. एवढं सांगितलं की दोन प्रश्न हमखास येतात. निवृत्त सर विचारतात, ‘ठेवींचे दर अजून उतरणार का रे?’ आणि शेती करणारे मित्र विचारतात, ‘कांदा कधी वाढेल?’ दोन्ही प्रश्न एकाच गणिताची दोन टोकं आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

रिझर्व्ह बँकेला महागाई 4 टक्क्यांवर ठेवायची आहे; दोन टक्के खाली, दोन टक्के वर चालतात. 2016 पासून हे कायद्यात आहे. सहा जणांची समिती साधारण दर दोन महिन्यांनी बसते आणि रेपो दर ठरवते. पण आज बदललेला दर बाजारात मुरायला कित्येक महिने, कधी वर्षाहूनही जास्त काळ लागतो. त्यामुळे आजची महागाई पाहून दर ठरवणं म्हणजे विहीर आटल्यावर पाणी अडवायला जाणं. दर ठरवावा लागतो तो पुढच्या वर्षीच्या महागाईवर, आणि ती तर अजून घडलेलीच नाही. म्हणून अंदाज लागतो.

तो बांधतात कसा? पहिले दोन-तीन महिने फार विद्वत्ता लागत नाही. डाळी, भाज्या, तेल यांचे रोजचे भाव गोळा होतात, ते पाहून पुढच्या आकड्याची चाहूल लागते. त्यापुढे खरं मॉडेल सुरू होतं: मागणी, महागाई, व्याजदर आणि रुपयाचा विनिमय दर या चौघांची एकमेकांत गुंतलेली समीकरणं. बीजगणिताच्या तासाला आपण दोन समीकरणांनीच घामाघूम व्हायचो. इथे समीकरणांत पाऊस, कच्चं तेल आणि लोकांच्या मनातली भीती हेही धरावं लागतं.

खरी पंचाईत मात्र भाजीत आहे. 2012 हे पायावर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळजवळ 46 टक्के होता. त्यात टोमॅटो किती? 100 रुपयांतले 57 पैसे! तरी 2023 च्या जून महिन्यात 4.87 टक्के असलेली महागाई जुलैमध्ये एकदम 7.44 वर गेली, आणि त्यात भाज्यांचा, विशेषतः टोमॅटोचा, हात मोठा होता. कोणत्या मॉडेलला हे आधी कळलं असतं? ऑगस्टच्या बैठकीत रिझर्व्ह बँकेने त्या तिमाहीचा अंदाज 5.2 वरून 6.2 वर नेला, पण रेपो 6.50 वरच ठेवला. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. व्याज वाढवून टोमॅटो पिकत नाही. ती भाववाढ भाजीपुरती राहते की मजुरी, भाडं, हॉटेलचा चहा यांत शिरते, एवढंच पाहायचं असतं. सप्टेंबरमध्ये आकडा 5.02 वर आला.

2025 मध्ये उलट घडलं. 2025-26 या वर्षाचा अंदाज फेब्रुवारीत 4.2 टक्के होता. मग 4, 3.7, 3.1, 2.6, आणि डिसेंबरात 2.0. प्रत्येक वेळी एक पायरी खाली. ऑक्टोबरची महागाई तर 0.25 टक्के निघाली. अंदाज चुकतोच, त्याची मला लाज वाटत नाही. पण सलग एकाच बाजूला चुकू लागला की मॉडेलचं काहीतरी हुकतंय असं समजावं. त्या वर्षभरात रेपो 6.50 वरून 5.25 वर आला. ही घसरण आधी दिसली असती तर तो लवकर उतरला असता का, यावर आमच्यात आजही वाद होतात.

आता तुमच्या घरातला हिशेब. 30 लाखांचं गृहकर्ज, मुदत 20 वर्षं, दर साडेआठ. दर पाव टक्का उतरला की महिन्याचा हप्ता साधारण 470 रुपयांनी कमी. आणि 20 लाखांची ठेव असलेल्या सरांचं व्याज पाव टक्क्याला वर्षाला 5,000 रुपयांनी, म्हणजे महिन्याला साधारण 415 रुपयांनी कमी. विद्यार्थ्याच्या खिशात जातात जवळपास तेवढेच सरांच्या खिशातून निघतात. त्या मधल्या आकड्याची चूक अशी कोणाच्या तरी घरात जाऊन बसते.

तो ‘मधला आकडा’ म्हणजे काय, हेही ऐका. रिझर्व्ह बँक आपल्या अहवालात नुसता आकडा देत नाही, पंख्यासारखा पसरत जाणारा आलेख देते: 50, 70 आणि 90 टक्के शक्यतेचे पट्टे. जितकं पुढचं पाहावं तितका पंखा रुंद. ही पद्धत बँक ऑफ इंग्लंडने 1996 मध्ये आणली. 2024 मध्ये बेन बर्नान्की यांनी तिथल्या अंदाजपद्धतीचा आढावा घेतला आणि हे पंखे बंद करून ‘अमुक झालं तर काय’ अशी वेगवेगळी चित्रं मांडा असं सुचवलं. मला दोन्ही हवेत. वर्तमानपत्रात मात्र मधली रेघच छापून येते, पट्टा कोणी पाहत नाही.

राहिला कांदा. 2012 पायावर्षाच्या निर्देशांकात त्याचं वजन 0.64 टक्के होतं. शहरातल्या गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर एवढंच, पण आपल्या तालुक्यात तो वर्षाचा पगार आहे. मॉडेलला कांदा ‘खर्च’ म्हणून ठाऊक आहे, ‘उत्पन्न’ म्हणून नाही. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी झाली, ती मे 2024 पर्यंत राहिली. तेव्हा बाजारात लाल कांदा येत होता, आणि तो चाळीत टिकत नाही. मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. अशा एका अधिसूचनेसाठी आमच्याकडे समीकरण नाही. महागाई शून्याजवळ आली की मुंबईतल्या कचेऱ्यांत समाधान असतं. त्याच सुमारास लासलगावला काय भाव निघत होता, हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तेव्हा मित्रांनो, उन्हाळ कांदा आत्ता विकायचा की चाळीत ठेवायचा हे मला विचारू नका. चाळीतला माल किती सडलाय हे तुम्ही हात घालून पाहता; मला ती सोय नाही. सरांनी ठेवींबद्दल विचारलंय, त्यावर जेवताना बोलू. मला वाटतं, सगळी रक्कम एकाच मुदतीत अडकवू नये.