आधी माल ओळखा, मग बॅग घ्या

आपल्याकडच्या दूधधंद्याच्या गावात गोठ्याच्या कडेला छातीएवढ्या उंचीच्या पांढऱ्या बॅगा ओळीने उभ्या दिसतात. त्यांत मुरघास असतो. हिरव्या मक्याची कुट्टी थराथराने तुडवून भरायची, हवा काढायची, तोंड करकचून बांधायचं आणि साधारण ४५ दिवस तिला हात लावायचा नाही. आतल्या प्लॅस्टिकला उंदराने एक भोक पाडलं तरी तेवढ्या जागेला बुरशी धरते. आता त्याच शेतकऱ्याचा कांदा अशाच बॅगेत भरून तोंड बांधलं तर? थोड्याच दिवसांत कांद्याला पाणी सुटेल, वास सुटेल. मुरघासाला हवा नको आणि कांद्याला हवेवाचून चालत नाही. म्हणून कांद्याच्या मोठ्या बॅगेला जाळीदार कापड लागतं.

कारखान्यातली जंबो बॅग याच जातीची. पॉलिप्रॉपिलीनच्या चपट्या पट्ट्या विणून केलेलं कापड, वर उचलायला चार लूप, पोटात पाचशे किलोपासून दोन टनांपर्यंत माल. माझी सगळी नोकरी या बॅगा भरण्यात, हलवण्यात आणि रिकाम्या करण्यात गेली. भाव विचारण्याआधी माल ओळखावा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

पहिली ओळख वजनाची. ९० सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि ११० सेंटिमीटर उंच बॅग घ्या. आत सुमारे ८९० लिटर जागा असते. त्यात साखर भरली तर साधारण साडेसातशे किलो बसते. प्लॅस्टिकचे दाणे भरले तर पाचशेच्या आसपास. लोहखनिजाची भुकटी काठोकाठ भरली तर मात्र पावणेदोन टनांवर जाईल. बॅग तीच, आणि तिच्या लेबलावर लिहिलंय एक हजार किलो! म्हणून आधी आपल्या मालाचं एक घनमीटरचं वजन काढा आणि त्यावरून बॅगेचं माप ठरवा.

लेबलावर आणखी एक आकडा असतो, ५:१ किंवा ६:१. एकदाच वापरायची बॅग चाचणीत नेमून दिलेल्या भाराच्या पाचपट भार झेलते, पुन्हा पुन्हा वापरायची बॅग सहापट. ‘पाचपट झेलते ना, मग दोनशे किलो जास्त भरू,’ असं म्हणताना मी लोकांना ऐकलंय. कृपा करून असं करू नका. ते जादा बळ क्रेनच्या हिसक्यासाठी, फोर्कलिफ्टच्या काट्यावर घासलेल्या लूपसाठी राखून ठेवलेलं असतं. उन्हाचंही तसंच. बॅगा महिनोन्‌महिने उघड्यावर पडल्या की धागा कुजतो. अशा बॅगेचा लूप दोन बोटांत धरून चोळून बघा. बोटांना पांढरी भुकटी लागली तर ती बॅग भंगारात टाका, हुकाला लावू नका.

दुसरी ओळख ओलाव्याची. ही मी चुकून शिकलो. कोकणातल्या एका कारखान्यात मी स्टोअरला होतो. आमचा माल होता कॅल्शियम क्लोराइडच्या पापड्या. हा पदार्थ हवेतलं पाणी ओढून घेतो, इतका की शेवटी त्या पाण्यात स्वतःच विरघळतो. त्या वर्षी बॅगेमागे थोडे पैसे वाचतात म्हणून आतल्या लायनरशिवाय, म्हणजे प्लॅस्टिकच्या अस्तराशिवाय, बॅगा घ्यायच्या ठरल्या. त्या कागदावर माझीही सही होती. जुलैमध्ये गोदाम उघडलं, तेव्हा खालच्या ओळीतून चिकट पाणी वाहत होतं आणि वरच्या बॅगा दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या. चार माणसं दोन दिवस पहारीने तो माल फोडत होती. त्यांच्या हातांची कातडी सोलवटलेली मी पाहिली. तेव्हापासून ‘लायनर हवा का?’ हा प्रश्न मी कधी खर्चाच्या रकान्यात टाकला नाही.

तिसरी ओळख वाहण्याची. दाणे खालचं तोंड सोडताच सरसर उतरतात. त्यांना लहान तोंड पुरतं. बारीक, चिकट पावडर मात्र आत कमान धरून बसते. मग कुणीतरी काठीने बडवतो, कुणी खालून हात घालतो. लटकत्या टनभर मालाखाली माणसाचा हात! अशा मालाला निमुळता तळ किंवा पूर्ण उघडणारा तळ मागवा, आणि बॅग मजबूत चौकटीवर टेकवल्याशिवाय कुणाला खाली वाकू देऊ नका. पावडर अगदी मैद्यासारखी असेल तर शिवणीतून गळू नये म्हणून शिवणीत पट्टी घातलेली बॅग मागावी लागते.

माल जहाजाने जाणार असेल तर आकारही बघा. न्हावा-शेव्याला निघालेल्या कंटेनरची आतली रुंदी असते सुमारे २ मीटर ३५ सेंटिमीटर. दोन बॅगा शेजारी शेजारी ठेवायच्या तर एकीला ११७ सेंटिमीटरच्या पुढे फुगता येत नाही. साधी बॅग भरली की रांजणासारखी गोल होते. आत कोपऱ्यांना आडव्या पट्ट्या शिवलेली बॅग चौकोनी राहते आणि कंटेनरमध्ये नीट बसते.

आता सगळ्यांत जपण्याची गोष्ट, ठिणगी. कोरडी पावडर प्लॅस्टिकवर घासत उतरते तेव्हा स्थिर वीज साठते. साखर, पीठ, हळद यांची हवेत उडालेली धूळसुद्धा पेट घेते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार गेले. तिथलं कारण बॅग नव्हती, पण धुळीची ताकद त्यातून कळते. या विजेच्या दृष्टीने बॅगांचे ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार आहेत. ए म्हणजे साधी, तिला विजेपासून संरक्षण नाही. बी मोठी ठिणगी टाळते, पण सॉल्व्हंटच्या वाफा असतील तिथे ती चालत नाही. सी मध्ये वीज वाहून नेणारे धागे असतात. भरताना आणि रिकामी करताना तिला अर्थिंग जोडावंच लागतं. डी अर्थिंगशिवाय वीज हळूहळू हवेत सोडते. आत लायनर घालायचा तर तोही त्या प्रकाराला जुळणारा हवा, नाहीतर बॅगेचे पैसे वाया जातात.

एकदा एका ठिकाणी सी प्रकारची महागाची बॅग लावलेली होती. अर्थिंगचा चिमटाही जोडलेला होता. पण कशाला? जाड रंग दिलेल्या कठड्याला. रंगातून वीज जाणार कशी? तिथल्या फिटरने खिशातून कानस काढली, लोखंड चकाकेपर्यंत रंग खरवडला आणि चिमटा पुन्हा लावला. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

शेतकरी बंधूंना एक विनंती. भंगारवाल्याकडून जुन्या जंबो बॅगा स्वस्तात मिळतात. त्यांत आधी काय भरलं होतं हे कळल्याशिवाय धान्य किंवा जनावरांचा चारा भरू नका. कीटकनाशक झटकून, धुऊन धाग्यांतून जात नाही.

आणि कारखानदार मित्रहो, पुढची ऑर्डर देण्याआधी नमुन्याच्या चार बॅगा मागवा. आपलाच माल भरा, उचला, चार दिवस ठेवा, मग रिकाम्या करा. तेव्हा खालच्या तोंडाची दोरी जो सोडतो, त्याला शेजारी उभा करून विचारा, ‘ही चालेल का?’ त्याचं उत्तर मिळाल्यावर भावाचं बोलणं सुरू करा.