शाळेची भाजी आणि आजीचं गाडगं

कुणी चुलीपुढं असाल, कुणी शेरडांना पाला टाकत असाल, तिथूनच ऐका. पंधरा जूनला शाळा उघडतात. म्हणून आज शाळेतल्या परसबागेबद्दल बोलायचं ठरवलंय.

आमच्या गटातल्या तिघीजणी गावच्या शाळेत पोषण आहार शिजवतात. पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या लेकराला ७५ ग्रॅम भाजी, असं सरकारी प्रमाण आहे. आमच्याकडं पाचवीपर्यंतची साठ लेकरं, म्हणजे दिवसाला तीन किलो भाजी. तांदूळ आणि डाळ पोत्यानं येते. भाजी आपण आणायची, पैसे मागाहून. ते लांबले की भाजीवाल्याची उधारी वाढते आणि खिचडीत बटाट्याच्या चार फोडी तेवढ्या तरंगतात. स्वयंपाक करणारीला ते बघवत नाही, पण ती तरी किती दिवस पदरचं घालणार?

शाळेत परसबाग करावी अशा केंद्र सरकारच्या सूचना २०१९ पासून आहेत. आमच्या शाळेतही गुरुजींनी बाग केली होती. त्यांची बदली झाली आणि बाग वाळली. मग आम्ही गटाच्या बैठकीत ठराव लिहिला, की बाग मुलांची आणि राखण आपली. गुरुजी येतील-जातील, आपण गावातच आहोत.

पहिल्या वर्षी फजितीच झाली. कुंपण केलं नव्हतं. एका रविवारी शेळ्या शिरल्या आणि सोमवारी नुसते वाफे उरले. आता बाभळीच्या काट्या लावल्यात, त्यावरच दुधी आणि दोडक्याचे वेल चढवलेत. पाण्याची सोय मुलांनीच शोधली. साठ लेकरं जेवणाआधी आणि जेवणानंतर हात धुतात, ते पाणी नुसतं रस्त्यावर वाहत होतं. चर काढून ते बागेकडं वळवलं. त्याच्या तोंडाशी अळू आणि केळ लावली, पालेभाजीचे वाफे त्या पाण्यापासून लांब, वरच्या अंगाला ठेवले. ताटं आता राखेनं घासतो, साबणाची पावडर बागेत नको म्हणून.

मेथी सगळी एकदम पेरू नका. ती महिनाभरात काढायला येते आणि मग एकाच आठवड्यात सगळी संपवावी लागते. दर आठ-दहा दिवसांनी एकेक वाफा पेरला तर पुरवून येते. पालक, शेपू, चुका असेच थोडे थोडे लावा. शेवग्याचं झाड एकदा धरलं की चार-दोन वर्षं बघायला नको. शेंगा येईपर्यंत त्याचा कोवळा पाला आमटीत घाला. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी लागतं, हेही मुलांना सांगा.

एवढ्याशा बागेत रोजची तीन किलो भाजी निघते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आमच्या बागेतून पावसाळा-हिवाळ्यात आठवड्याचे दोन दिवस भागतात. बाकीचे दिवस बाजारच. पण त्या दोन दिवसांत ताटात काही उरत नाही. जी लेकरं खिचडीतला पालक बोटानं बाजूला सारायची, तीच आता विचारतात, “आज आमच्या वाफ्यातला आहे ना?”

एका पालकाने आम्हाला सुनावलं होतं, “पोरं शिकायला धाडतो, भांगलायला नाही.” त्यांचं बोलणं आम्हाला पटलं. दिवसाला अर्धा तास, त्याहून जास्त नाही असं ठरवलं. आणि मुलींनी पाणी घालायचं, मुलांनी फोटोपुरतं खोरं धरायचं, हे चालू दिलं नाही. निंबोळी अर्काची फवारणी मोठ्यांनीच करायची.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीला शाळा बंद झाली आणि नेमकी तेव्हाच बाग भरात आली. भाजीचं करायचं काय? काहीजणी म्हणाल्या बाजारात विकू. मुलं म्हणाली, गावातच वाटू. गरोदर बायका आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी केली. इथं आमची चूक झाली. ती यादी आम्ही देवळाच्या भोंग्यावरून नावं घेऊन वाचली. दुसऱ्या दिवशी चौथीतली दोन पोरं मेथीची जुडी घेऊन एका आजींच्या दारात गेली आणि तशीच परत आली. आजी म्हणाल्या होत्या, “मी कुणाकडं मागायला गेले होते का?”

संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्याकडं गेलो. चुकलं म्हणालो. त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग उठून त्यांनी फडताळातून एक गाडगं काढलं. राखेत घोळवलेलं घेवड्याचं बी होतं, आणि डांगराचं. “हे न्या शाळेत. माझ्या सासूपासूनचं आहे,” म्हणाल्या. सुट्टी संपल्यावर त्या स्वतः शाळेत आल्या. बी कधी धरायचं, सावलीत किती वाळवायचं, राख का लावायची, हे त्यांनी मुलांना दाखवलं. त्यानंतर जुडी घेऊन गेलेल्या पोराला त्यांनी कधी परत पाठवलं नाही.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्याच्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत आहेतच. शाळेची पायरी न चढता त्यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि पद्मश्री मिळवली. तशी गाडगी आपल्याही गावात असतात, आपण विचारत नाही. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या पिकाचा भरवसा नाही. गावरान बी दर साली धरता येतं. आता यादी आम्ही भोंग्यावर वाचत नाही. मुलं जुडी देतात आणि विचारतात, “आजी, तुमच्याकडं कसलं बी आहे?” कुणी बी देतं, कुणी वाफा उकरून देतं, एका बाबांनी तुटलेल्या झारीला डाग दिला.

खरी कसोटी मे महिन्याची. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेत जेवण द्यावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिलेला आहे. गटांनी तो लक्षात ठेवावा, तशी वेळ आली तर मागता येतो. पण टँकरच्या गावात भाजीला पाणी कुठलं? आम्ही यंदा पालेभाजी सोडून दिली. फक्त शेवगा, कढीपत्ता आणि घेवड्याचे चार वेल धरले. पाच घरांनी दिवस वाटून घेतले, भांडी विसळलेलं पाणी रोज दोन कळशा. एक वेल तरीही गेला. तीन बियाण्यापुरते राहिलेत. त्यांच्या शेंगा कुणी तोडू नयेत म्हणून पोरांनी लाल चिंध्या बांधल्यात.

यंदा कुंपणालगत वाल लावायचा आहे आणि गावरान वाल आमच्याकडं कुणाकडंच निघाला नाही. ऐकणाऱ्यांपैकी कुणाकडं असेल तर मूठभर द्या, बदल्यात घेवडा देऊ. शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारी वाफे करणार आहोत, त्याआधी मिळाला तर बरं.