हिमालयात जाणाऱ्यांच्या आयांशी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात पाककृती, बालसंगोपन, फार तर शिवणकाम यांवर व्याख्याने होतात. तेथे ही बाई बर्फावर बोलायला उभी राहिली म्हणून कुणी गालातल्या गालात हसतही असेल. पण गेल्या हिवाळ्यात आपल्या आळीतूनच पाच मुले केदारकंठ्याला गेली. आयांनी लोकरीचे मोजे विणले, मेथीचे लाडू बांधून दिले. बर्फाची चौकशी मात्र एकीनेही केली नाही. करणार तरी कशी? सह्याद्रीतली दरड आपल्याला ठाऊक, बर्फाची दरड कोणी पाहिली आहे! यजमानांच्या नोकरीमुळे मी तीन हिवाळे मनालीत काढले, तेव्हा काही कानांवर पडले, काही डोळ्यांनी पाहिले.

बर्फ थराथरांनी साचतो. आपण गाद्यांची चळत रचतो ना, तशी. त्या चळतीत मधेच एखादी रेशमी साडी राहिली तर वरच्या गाद्या घसरू लागतात. कडाक्याच्या थंडीत जुन्या बर्फाचे दाणे साखरेसारखे सुटे होतात, एकमेकांना धरत नाहीत. हीच ती रेशमी साडी. तिच्यावर नवा बर्फ पडला, किंवा वाऱ्याने पलीकडच्या अंगाचा बर्फ उचलून इकडे आणून लादला, की वरचा थर लादीसारखा अख्खाच निसटतो. अपघातात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ही लादी सुटते ती त्यांच्याच किंवा सोबत्याच्या पावलाने. पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला, बर्फाला भेगा गेल्या, तर मुकाट्याने मागे फिरावे.

उतार पाहावा तो 30 ते 45 अंशांचा. मुलांच्या कंपासपेटीत गुण्या असतो, त्याचा 30 अंशांचा कोन हातात धरून पाहा. फार उभ्या कड्यावर बर्फ साचतच नाही, थोडा थोडा गळून जातो. आणि तळाची सपाट जागा सुरक्षित असेही नाही, कारण वरून सुटलेले सारे तेथेच येऊन थांबते.

4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशीजवळ द्रौपदी का डांडा या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी अशा हिमप्रपातात सापडली. 27 जणांचे मृतदेह हाती लागले. त्यांत सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात या मुलीने 16 दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती. पुढे तिला मरणोत्तर तेनसिंग नोर्गे पुरस्कार मिळाला, तो तिच्या वडिलांनी स्वीकारला. इतकी तयारीची मुलगी! बर्फ माणसाची योग्यता पाहत नाही.

गाडला गेलेला माणूस गुदमरून जातो. पहिल्या 10 मिनिटांत काढला तर दहांतले नऊ वाचतात. अर्ध्या तासाने जेमतेम तीन. धारवाडकडचे लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद 2016 साली सियाचीनला सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण तेही 11 फेब्रुवारीला गेले. म्हणून खालून मदत येईपर्यंत थांबून भागत नाही, शोधणारे सोबतीच हवेत. प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे यंत्र, पाठीवर फावडे आणि बर्फात खुपसायची लांब सळई. एकाजवळ असून उपयोग नाही, सर्वांजवळ हवे.

इशारे मिळत नाहीत असे नाही. चंदीगडची संरक्षण खात्याची संस्था हिवाळ्यात जिल्ह्याजिल्ह्याचा धोका जाहीर करते. 28 फेब्रुवारी 2025 रोजी बद्रीनाथजवळ माणा येथे रस्त्याचे 54 मजूर गाडले गेले, 8 दगावले. चमोली जिल्ह्याचा इशारा आदल्याच दिवशी निघाला होता. पुष्कळजण वाचले ते लोखंडी पेट्यांसारख्या निवाऱ्यांत होते म्हणून.

माझा भाचा जानेवारीत निघाला तेव्हा मी त्याच्या म्होरक्याला फोन करून एवढेच विचारले: "इशारा रोज कोण वाचतो? आणि मोठा बर्फ पडल्यावर किती दिवस थांबता?" पोरगा आधी जरा रागावला, मावशी फारच काळजी करते म्हणाला. म्होरक्या मात्र शांतपणे म्हणाला, "बाई, दोन दिवस तरी थांबतो. तिकिटे गेली तर जाऊ देत." मग मी लाडवांचा डबा भरला.