निवडणुकीचा निकाल आणि गृहस्थाची पुंजी



वाचनकक्षात सकाळी वृत्तपत्राचे पहिले पान उघडणारे वाचक आणि थेट बाजारभावाच्या पानाकडे वळणारे वाचक एरवी निरनिराळे असतात. निवडणुकीचा निकाल लागला की मात्र दोघेही एकमेकांच्या पानात डोकावू लागतात. त्या डोकावण्यामागे कुतूहल थोडे आणि काळजी अधिक असते.

१३ मे २००४ रोजी लोकसभेचे निकाल लागले. सत्तारूढ आघाडीच परत येणार, हे बाजाराने गृहीत धरले होते. ते गणित चुकले. नवे सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभे राहणार आणि सरकारी उद्योगांतील निर्गुंतवणूक थंडावणार, या तर्काने विक्रीला जोर चढला. सोमवार, १७ मे रोजी मुंबईचा निर्देशांक एका क्षणी ८४२ अंशांनी कोसळला. व्यवहार दोनदा थांबवावे लागले. दिवसअखेर तो ५६५ अंश गमावून ४,५०५ वर स्थिरावला. एका दिवसात अकरा टक्के!

अशा दिवशी कारखाने जळालेले नसतात, मालाची मागणीही रातोरात आटलेली नसते. बदललेला असतो तो भविष्याविषयीचा अंदाज. त्यात उसन्या पैशाची भर पडते. कर्जावर समभाग घेतलेल्याकडे भाव उतरताच दलाल जादा अनामत मागतो. ती न भरल्यास समभाग विकले जातात, त्या विक्रीने भाव आणखी उतरतात आणि पुढच्या माणसाकडे मागणी जाते. स्वतःच्या शिलकीतून गुंतवणूक करणाऱ्याला विकण्याची अशी सक्ती नसते. तरीही तो विकतो, कारण शेजारी विकत असतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस निर्देशांक ६,६०० वर पोहोचला होता. निर्देशांकाच्या प्रमाणात १७ मे रोजी एक लाखाचे मोल असलेली पुंजी ज्याने हलवली नाही, तिचे सात-साडेसात महिन्यांत सुमारे एक लाख सेहेचाळीस हजार झाले.

२००९ साली नेमके उलटे घडले. शनिवारी, १६ मे रोजी निकाल लागला आणि सोमवारी बाजार उघडताच निर्देशांक वरच्या मर्यादेला जाऊन भिडला. व्यवहार दिवसभरासाठी बंद झाले. वाढ होती २,१११ अंशांची. सावधगिरी म्हणून शुक्रवारी सर्व विकून बसलेल्याला त्या दिवशी आत शिरायला दारच उरले नाही. २०२४ मध्ये तर पाच दिवसांत दोन्ही रंग दिसले. मतदानोत्तर चाचण्यांच्या भरवशावर ३ जून रोजी निर्देशांक अडीच हजार अंशांनी चढला, ४ जून रोजी प्रत्यक्ष निकालाने ४,३९० अंशांनी घसरला आणि ७ जून रोजी ३ जूनच्याही वर जाऊन बंद झाला.

यावरून बाजार नेहमी लवकर सावरतो असे कोणी समजू नये. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांपलीकडे गेलेला निर्देशांक मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या आसपास आला होता. त्या पडझडीचे मूळ अमेरिकेतील गृहकर्जांत होते, आपल्या मतपेटीत नव्हते. २१ हजारांचे पुन्हा दर्शन व्हायला नोव्हेंबर २०१० उजाडला. तेव्हा मुलीचे लग्न, शस्त्रक्रिया किंवा घराचा हप्ता दोन-तीन वर्षांवर आला असेल, तर ती रक्कम समभागांत असूच नये. मग सत्तेवर कोणताही पक्ष येवो.

समभागांना कधी हात न लावलेले ज्येष्ठ सभासद म्हणतील, आमचे पैसे टपाल कचेरीत सुरक्षित आहेत. सुरक्षित खरेच, पण निवडणुकीपासून अगदी अलिप्त नव्हेत. ३१ मार्च २०२१ च्या रात्री अल्पबचतीचे व्याजदर घटवल्याचे जाहीर झाले. भविष्य निर्वाह निधीचा सार्वजनिक योजनेतील दर ७.१ वरून ६.४ टक्के, ज्येष्ठ नागरिक योजनेचा ७.४ वरून ६.५ टक्के. दुसऱ्या दिवशी पश्चिम बंगालात मतदानाचा दुसरा टप्पा होता. त्याच सकाळी अर्थमंत्र्यांनी आदेश मागे घेतला. तो नजरचुकीने निघाला होता, असे कारण दिले गेले. विरोधकांनी त्याचा संबंध मतदानाशी जोडला. कारण काहीही असो, ज्येष्ठ नागरिक योजनेत त्या वेळच्या कमाल मर्यादेइतके, म्हणजे १५ लाख रुपये, त्या तिमाहीत नव्याने ठेवणाऱ्या निवृत्तिधारकाचे वर्षाला १३,५०० रुपये त्या एका सकाळीने वाचवले.