शाळेतला छळ आणि भोवती उभी असलेली मुले



शाळेतल्या मुलांच्या छळाविषयी कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मी शिक्षक नाही, मानसशास्त्राचा पदवीधरही नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. परंतु या विषयाचे माझ्यावर एक जुने देणे आहे. ते आधी सांगतो.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांतला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांत होते. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. संप लांबला, घरोघरची भांडी मोडीत गेली, आणि पावसाळा सरता सरता आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील कामावर परत गेले. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाला त्याच्या नावाने कोणी हाक मारली नाही. 'फितूर' हेच त्याचे नाव झाले. त्याच्या बाकावर कोणी बसेना. मधल्या सुट्टीत त्याचा डबा मोरीत उपडा होई. एक दांडगा मुलगा पुढाकार घेई, दोघे हात धरीत, आणि आम्ही पंधरावीस जण भोवती उभे राहून हसत असू. मी त्याला एकदाही हात लावला नाही, असे पुष्कळ वर्षे मी स्वतःला बजावत आलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही.

आपण एकजूट राखतो आहोत, असे आम्हांला वाटत होते.

त्याच 1982 सालच्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात 10 ते 14 वर्षांच्या तीन मुलांनी जीव दिला. सोबत्यांनी केलेला छळ हेच त्याचे कारण असावे, असे दिसून आले. तो देश हादरला आणि 1983 साली सरकारने साऱ्या देशातल्या शाळांत मोहीम उघडली. डॅन ओल्वेयस नावाचे मानसशास्त्रज्ञ या विषयाचा अभ्यास आधीपासूनच करीत होते. त्यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली: तो जाणूनबुजून केलेला असतो, तो पुनःपुन्हा होतो, आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. हे तिसरे लक्षण विसरू नये. दोन बरोबरीची मुले भांडली, तर ते भांडण. उद्या ती पुन्हा एकत्र खेळतील. जिथे एकाला उलटून बोलताच येत नाही, तिथे ते भांडण नव्हे.

म्हणूनच आपण घरोघर देतो ते दोन सल्ले निरुपयोगी ठरतात. पहिला सल्ला, "तूही एक ठेवून दे." ठेवून देता आली असती, तर त्या पोराने आपल्याला विचारले कशाला असते? दुसरा सल्ला शिक्षकांचा: दोघांना समोरासमोर उभे करून हस्तांदोलन करविणे. मी आयुष्यभर तडजोडी केल्या आहेत. एकट्या कामगाराला मालकासमोर बसवून केलेल्या तडजोडीला काय अर्थ असतो, ते मला ठाऊक आहे. तो मान हलवतो, सही करतो, आणि बाहेर आल्यावर आणखी भरडला जातो.

दांडगा मुलगा हे का करतो? तो आतून भेदरलेला, न्यूनगंडाने पछाडलेला असतो, असा आपला समज आहे. ओल्वेयस यांना तसे आढळले नाही. बहुतेकांना मोठेपण हवे असते. बारा ते पंधरा या वयात सोबत्यांनी दिलेला मान आईबापांच्या मानाहून मोलाचा वाटतो, आणि तो मान भोवतीच्या हशातून मिळतो. कॅनडात संशोधकांनी शाळेच्या पटांगणावरील प्रसंग कॅमेऱ्याने टिपले. 2001 साली ते प्रसिद्ध झाले. 100 पैकी 88 प्रसंगी इतर मुले हजर होती. त्यांतले कोणी मध्ये पडले, असे प्रसंग अवघे 19. परंतु मध्ये पडल्यावर निम्म्याहून अधिक वेळा छळ 10 सेकंदांच्या आत थांबला. श्रोतेहो, दहा सेकंद! आम्ही पंधरावीस जण महिनाभर उभे होतो.

फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी 1996 साली बारा-तेरा वर्षांच्या मुलांची पाहणी केली. छळात पुढाकार घेणारे शेकडा 8 निघाले. हसून, ओरडून त्यांना चेव आणणारे सुमारे 20, दुरून पाहून गप्प राहणारे सुमारे 24, आणि छळलेल्याची बाजू घेणारे सुमारे 17. म्हणजे आठांचे राज्य गप्प बसणाऱ्यांच्या जिवावर चालते. कारखान्यात याहून वेगळे काय चालते?

आता मुले गप्प का बसतात? एक तर उद्या आपली पाळी येईल, ही भीती. दुसरे, 'चहाडी करू नये' हा शाळेतला अलिखित कायदा. साहेबाकडे जाऊन सोबत्याविरुद्ध सांगू नये, हा धडा कामगारांना आम्हीही दिला आहे. पण एखाद्याला अडचणीत घालण्यासाठी सांगितले, तर ती चहाडी. एखाद्याला अडचणीतून सोडविण्यासाठी सांगितले, तर ती फिर्याद. हा फरक मुलांना वर्गात स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. आणि सांगणाऱ्याचे नाव फुटणार नाही, ही हमी शिक्षकांनी पाळली पाहिजे.

करायचे काय? नॉर्वेतल्या बर्गेन शहरी 42 शाळांत ओल्वेयस यांनी साधेच उपाय योजले: मधल्या सुट्टीत मोठ्यांची नजर, वर्गाने मिळून केलेले नियम, त्यांवर नियमित चर्चा, छळणाऱ्याशी आणि छळलेल्याशी स्वतंत्रपणे बोलणे, पालकांना विश्वासात घेणे. तिथे छळ जवळजवळ निम्म्यावर आला. इतरत्र एवढे यश आले नाही. पुष्कळ प्रयोग एकत्र पाहता घट साधारण पाचव्या हिश्श्याची भरते. पण शंभरातली वीस मुले सुटली, तर ते थोडे आहे का?

आपल्याकडे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना मुलाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. मी हे मुद्दाम सांगतो, कारण वर्गात चालणारे टोपणनाव पुष्कळदा गुरुजींच्याच तोंडून पहिल्यांदा निघते. शिवाय आपल्या देशात जात हे छळाचे जुने हत्यार आहे. बालपणी साताऱ्याच्या शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, आणि शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. तो छळ एका दांडग्याचा नव्हता, साऱ्या शाळेचा होता. आणि आता मोबाइलच्या गटांमुळे छळ शाळा सुटल्यावर घरापर्यंत येतो. बघ्यांची संख्या वीसवरून दोनशेवर जाते.

आईबापांनी "शाळेत काय झाले?" असे विचारू नये; "काही नाही" हेच उत्तर मिळते. "आज डबा कोणाबरोबर खाल्लास?" असे विचारावे. एकच उत्तर आठवडाभर आले, "एकट्यानेच," तर दुसऱ्या दिवशी शाळेत जावे. 1098 या क्रमांकावर मूल स्वतःही मदत मागू शकते. हा क्रमांक त्याला पाठ असू द्या. आणि आपले मूल छळले जात नसेल, तर एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. ते भोवती उभे असते का, तेही विचारा. दांडग्याशी मारामारी कर, असे त्याला सांगू नका. हसू नकोस, आणि उद्या त्या मुलाच्या बाकावर जाऊन बस, एवढेच सांगा.

एकजूट हा शब्द मी तीस वर्षे सभांतून उच्चारीत आलो. एकट्या पडलेल्याच्या पाठीशी चौघांनी उभे राहणे, हा त्याचा अर्थ. एकट्याच्या भोवती वीस जणांनी उभे राहणे ही एकजूट नव्हे. तो नुसता जमाव. हा फरक मला बाराव्या वर्षी कोणी सांगितला नाही. तो आपण आपल्या मुलांना सांगावा, एवढ्याचसाठी मी आज येथे उभा राहिलो.